डोंबिवली सोडून रत्नागिरीत राहायला यावं का? इथल्याच एका इंजिनिअरचं लांबलेलं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. डोंबिवलीतल्या एक ताई, आयटीत आहेत, महिन्यातून दोनदाच ऑफिसला जावं लागतं, बाकी काम घरून. नवरा एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. मुलगी चौथीत. सासूबाई अडुसष्टच्या, बीपी आहे आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. त्यांचं म्हणणं, लोकल, धूळ, पार्किंगची भांडणं सगळ्याचा कंटाळा आलाय, अगदी गावात राहणं जमणार नाही, तर रत्नागिरी किंवा चिपळूणसारख्या मधल्या शहरात फ्लॅट घ्यावा का, डोंबिवलीचा विकून इथे मोठा घ्यावा का, का जागा घेऊन घरच बांधावं.

मी रत्नागिरीत सिव्हिल इंजिनिअर म्हणून सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. त्याआधी सहा वर्षं ठाण्यात साइटवर होतो, कळव्याला भाड्याने राहायचो, त्यामुळे लोकलला लटकणं काय असतं ते मला वेगळं सांगायला नको. घरं बांधणं, जुनी दुरुस्त करणं, लीकेज बघणं, बँकांसाठी व्हॅल्युएशन करणं हा धंदा. आणि या धंद्यात माणसाला आपोआप कळत जातं की बाहेरून आलेलं कोण इथे रुजलं आणि कोण दोन पावसाळे काढून परत गेलं, कारण परत जाताना फ्लॅट विकायचा असतो आणि त्याचं व्हॅल्युएशन पण फिरून माझ्याच टेबलावर येतं.

ताई, पहिली गोष्ट ही की मधलं शहर म्हणजे मोठ्या शहराचं लहान केलेलं मॉडेल नव्हे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी नगरपरिषदेची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती, आणि तुमची कल्याण-डोंबिवली बारा लाखांच्या वर. आमच्या जिल्ह्याचे नऊच्या नऊ तालुके एकत्र केले तरी १६ लाख १५ हजार, आणि ते सुद्धा २००१ पेक्षा कमी झालेले! आता याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, तर इथे सगळं आहे पण एकेक आहे. कॉलेज आहे, नाट्यगृह आहे, चांगला हाडांचा डॉक्टर आहे, एसीवाला आहे, मुलीला कथ्थक शिकवणाऱ्या बाई पण सापडतील. पण एक. फार तर दोन. डोंबिवलीत एक बंद असलं की पलीकडच्या गल्लीत दुसरं असतं, इथे एक बंद असलं की बंद. म्हणून इथे यायचा विचार करणाऱ्याला मी "तिथे काय काय आहे" अशी यादी करू देत नाही, "ते बंद असलं तर दुसरं काय" अशी यादी करायला लावतो. खाली जे लिहितोय ते सगळं त्याच हिशोबाने वाचा.

सासूबाईंपासून सुरू करतो कारण बाकीचं सगळं निभावतं. इथे सिव्हिल हॉस्पिटल आहे, खासगी हॉस्पिटलं बरी आहेत, २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज पण सुरू झालंय, चिपळूणकडे डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे. पूर्वीच्या मानाने खूपच सुधारणा. पण मोठं काही झालं, बायपास वगैरे, की अजूनही लोक कोल्हापूर गाठतात. साधारण १३० किलोमीटर, आंबा घाटातून, चांगल्या दिवसात तीन ते साडेतीन तास. वाईट दिवसात म्हणजे जुलैत दरड आली तर काही खरं नाही. माझ्या वडिलांना एका जुलैत आम्ही असेच घेऊन निघालो होतो, साखरप्याच्या पुढे गाड्यांची रांग, पुढे झाड आणि माती रस्त्यावर, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढतोय आणि मी मागे बसून सलाइनच्या बाटलीकडे बघतोय. दोन तासांनी वाट झाली, वडील वाचले, नंतर नऊ वर्षं जगले. पण ते दोन तास मला अजून आठवतात. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही त्यांच्या हार्टच्या डॉक्टरना सरळ विचारा की अशा पेशंटला तातडीच्या सोयीपासून किती लांब ठेवलेलं चालेल, आणि इथे येऊन बघताना कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती सोय, आहे का एवढंच विचारून गप्प बसू नका, रात्री दोन वाजता चालू असते का, डॉक्टर गावाला गेले तर कोण बघतं, हे पण विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर ते उत्तर समजा.

आता याची दुसरी बाजू पण खरी आहे. सासूबाईंच्या वयाची माणसं इथे आली की सहा महिन्यांत तरतरीत होतात हे मी पुष्कळ बघितलंय. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसलेली म्हातारी माणसं इथे संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर नाहीतर थिबा पॉइंटला जाऊन बसतात, देवळात कीर्तन असतं, रिक्षावाला ओळखीचा होतो, भाजीवाली दोन दिवस दिसला नाहीत तर चौकशी करते. इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, दोनशे वर्षं होत आली. माझी आई तिथून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची, शेवटी शेवटी नंबर वाढला तर मोठ्या टायपातली मागायची. हे औषधांच्या दुकानात मिळत नाही. तुम्हाला दोन्ही पारडी बघायचीत.

पाऊस. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, धंदाच आहे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मुंबईकर म्हणतात आम्हाला पावसाची सवय आहे. असते, पण तुमचा पाऊस वरून पडतो, आमचा बाजूने येतो. नैऋत्येचा वारा समुद्रावरून सरळ घुसतो आणि पाणी भिंतीवर आडवं मारतो, म्हणून इथे लीकेजच्या शंभर तक्रारी आल्या तर मी स्लॅबकडे नंतर बघतो, आधी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीकडे. आमच्या आजोबांच्या घराला पागोळ्या भिंतीपासून हात-दीड हात लांब पडायच्या, पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला नारळाच्या झापांच्या झडी, म्हणजे आडोसे, बांधायचे, घर अंधारं व्हायचं पण कोरडं राहायचं. आता मोठ्या शहरात चालतं तसं एलिव्हेशन इथे आणून लावतात, सपाट भिंत, मोठी काच, छज्जा नावाला सहा इंच, फोटोत छान दिसतं, आणि ऑगस्टमध्ये मला फोन येतो. इथल्या बहुतेक स्वतंत्र घरांवर स्लॅबच्या वर पुन्हा पत्र्याची शेड दिसेल, बाहेरचे लोक हसतात की हे काय गोडाउनसारखं, तीन वर्षांनी तेच लोक शेडचं कोटेशन मागतात. माझ्या स्वतःच्या घरावर पण आहे. खाली कपडे वाळतात, आंब्याच्या पेट्या राहतात, मुलं क्रिकेट खेळतात, सगळ्यात उपयोगी मजला तोच.

मग बुरशी. चपला, बेल्ट, गाद्या, लग्नाचे अल्बम, पुस्तकं, सगळ्याला. जुलैत कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. पापड, लोणची, मसाला, सुकी मासळी, कोकमं ही आगोटची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी मेमध्येच करून ठेवायची असते. आता ऑनलाइन सगळं येतं म्हणून तरुण बायका हसतात, पण घाट बंद झाला की कुरिअर पण येत नाही आणि घाटावरची भाजी पण येत नाही, तेव्हा त्याच सासूच्या बरणीत हात घालतात.

खारा वारा हा वेगळाच विषय. समुद्र दिसणारा फ्लॅट घ्यायची सगळ्यांना हौस असते. एका गृहस्थांनी भाट्याच्या बाजूला असा फ्लॅट घेतला, मला दाखवायला नेलं दोन वर्षांनी. खिडकीची ग्रिल हाताने सोलता येत होती, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळीचा भुगा, गॅसच्या शेगडीचे पाय गंजलेले, टीव्ही एकदा बोर्ड बदललेला. ते म्हणाले स्टीलची रेलिंग सुद्धा डागळली, फसवलं मला. फसवलं नव्हतं हो, ती ३०४ ग्रेडची होती, समुद्राकाठी ३१६ लागते, कुणी सांगितलंच नाही आणि सांगितलं असतं तर किमतीमुळे घेतली नसती. हे झालं दिसणारं. न दिसणारं म्हणजे आतली सळई. आपला आयएस ४५६ हा कोड सांगतो की समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात धरायचं, म्हणजे आरसीसीला किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. किती ठिकाणी तसं झालंय ते मी इथे लिहीत नाही, पण वीस वर्षांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं राहून वर बघा, बीमच्या खालच्या बाजूला लांबच लांब सरळ चीर आणि तपकिरी ओघळ दिसला की आत सळई फुगतेय असं समजायचं. रिसेलचा फ्लॅट बघायला गेलात की आधी पार्किंगचं छत बघा, मॉड्युलर किचन नंतर.

एवढा पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याची बोंब. नवीन माणसाला हे पटतच नाही. इथला जांभा दगड सगळा भोकाभोकांचा, पाणी पितो आणि सोडून देतो, जमिनीला उतार, नद्या आखूड, सह्याद्रीतून निघून काही तासांत समुद्रात, त्यामुळे विहिरी होळीनंतर तळ दाखवायला लागतात. शहराला मुख्यतः शीळ धरणातून पाणी येतं, पाऊस लांबला की एक दिवसाआड, कधी त्याहून जास्त. आणि गंमत म्हणजे मेमध्येच मुंबईची सगळी माणसं गावाला आलेली असतात, म्हणजे माणसं दुप्पट आणि पाणी निम्मं. साधा हिशोब करा, माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरलं तर चौघांचे दिवसाचे ५४० लिटर, तीन दिवस पाणी आलं नाही तर सोळाशे लिटरची साठवण तुमच्या एकट्या घरासाठी लागते. बिल्डिंगच्या टाक्यांना फ्लॅटच्या संख्येने भागा. बिल्डरला विचारू नका, वॉचमनला विचारा की गेल्या मेमध्ये टँकर किती आले. एका बिल्डिंगमध्ये वॉचमन मला म्हणाला, "साहेब, टँकरवाल्याच्या पोरीच्या लग्नाला मी गेलो होतो." मी काय ते समजलो.

आणि इथे हद्दीचा मुद्दा येतो जो बाहेरच्यांना कधीच कळत नाही. पत्त्यावर रत्नागिरी लिहिलेलं असतं पण नवीन बिल्डिंगा जास्त करून कुवारबाव, नाचणे, शिरगाव, मिरजोळे, खेडशी या बाजूला, म्हणजे ग्रामपंचायतीत. घरपट्टी कमी, जागा मोकळी, स्टेशन जवळ, दर पण बरा. पण पाण्याची योजना वेगळी, कचऱ्याची गाडी वेगळी, गटार बहुतेक ठिकाणी नावाला, रस्त्यावरचा दिवा गेला तर सरपंचाच्या मागे लागायचं. वाईट असतंच असं नाही, काही ग्रामपंचायती नगरपरिषदेपेक्षा चटकन काम करतात, सरपंच घरी सापडतो हा फायदाच म्हणा. फक्त कुठल्या हद्दीत राहताय ते माहीत असूद्या, सही करायच्या आधी.

चिपळूणबद्दल विचारलंत. गाव म्हणून मला चिपळूण रत्नागिरीपेक्षा जास्त धंदेवाईक, जास्त चालतं वाटतं, बाजारपेठ मोठी, हायवे आणि रेल्वे दोन्ही हाताशी, मुंबई पण जवळ. पण २२ जुलै २०२१ विसरता येत नाही. २००५ ला पण आला होता पूर, पण २०२१ ला तळमजले पूर्ण बुडाले, बाजारपेठेतली दुकानं गेली, गाड्या एकावर एक चढल्या. पूर ओसरल्यावर महिनाभर मी तिथे घरांची पाहणी करत होतो, चिखलाचा तो वास कपड्यातून जात नव्हता. वाशिष्ठीला स्वतःचं पाणी असतंच, त्यात कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी पण तिच्यातच येतं, आणि भरती असली की खाली पाणी उतरायला जागा नाही. तिथे घ्यायचं असेल तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. वर डोंगराच्या बाजूला जागा आहेत, पण तिथे पण प्रत्येक प्लॉट वेगळा, आणि डोंगराला फार चिकटलात तर दरडीची भीती. जुन्या माणसाला घेऊन उभं राहा आणि "पाणी कुठवर आलेलं" एवढंच विचारा, तो हाताने भिंतीवर दाखवतो.

नोकरीचं बोलू. तुमचं ऑनलाइन आहे म्हणजे सुटलं असं नाही. फायबर सगळीकडे आलंय, स्पीड छान, पण रस्त्याच्या कामाच्या जेसीबीने केबल तोडली की अख्खा एरिया गार, आणि आमच्याकडे रस्त्याचं काम कधी संपतं हे तुम्हाला मी काय सांगू, मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं तेव्हा माझा मुलगा प्राथमिक शाळेत होता, आता तो नोकरीला लागला. शिवाय पहिल्या वादळी पावसात झाड तारांवर पडतं आणि वीज सहा-आठ तास जाते, कधी जास्त. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची दोन कनेक्शनं आणि दणकट इन्व्हर्टर हे फर्निचरच्या आधी. उद्या कंपनीने रोज ऑफिसला या म्हटलं तर काय, हे तुम्ही मनाशी ठरवलंय का? गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या घरून-काम करणाऱ्यांपैकी परत गेलेले बहुतेक याच कारणाने गेले, पाऊस-बिऊस बहाणा.

तुमच्या मिस्टरांचं मला जास्त कठीण वाटतं. अकाउंट्सला काम मिळेल, सीएंकडे, एमआयडीसीत, मासळीच्या कंपन्यांत, हॉटेलांत, पण पगार डोंबिवलीसारखा नाही. आणि पुन्हा तेच, पहिली नोकरी मिळेल हो, ती सुटली तर दुसरी कुठे? इथे मालक लोक एकमेकांना ओळखतात, एकाशी वाजलं की दुसऱ्याच्या कानावर चहाच्या आधी जातं. पिढ्यान्पिढ्या इथले पुरुष मुंबईला का जात राहिले, मनीऑर्डरवर घरं का चालली, त्याचं कारण हेच. जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, ही काही मुलींची संख्या वाढल्याची गोष्ट नाही, पुरुष बाहेर गेल्याची आहे. तेव्हा तुम्ही उलटी गंगा वाहवताय, आनंद आहे, पण एका पगारावर घर चालेल का ते आधी कागदावर मांडा.

स्वस्ताई? अर्धीच. भाडं आणि फ्लॅट स्वस्त हे खरं. शाळेची बस, क्लास, कामवाली स्वस्त. मासे मात्र विचारू नका, मिरकरवाडा बंदर दाराशी असून सुरमई-पापलेट बाहेर जातात, आपल्या वाट्याला भाव उरतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पण बांगडा, सौंदाळा, मांदेली खायला शिकलात तर राजासारखं जेवाल. भाजी कोल्हापूर-बेळगावकडून येते, महागच. दुचाकी दोन आणि गाडी एक लागणार, शहर बस आहे पण तिच्या वेळेने तुम्ही चालायचं. आणि माणसं मिळत नाहीत, हा खर्च कुणी धरत नाही! प्लंबर "उद्या येतो" म्हणाला तर कुठला उद्या ते विचारायचं असतं. गणपतीत आणि शिमग्यात तर विसराच, पालखी गावात असेपर्यंत माझा सुतार फोन उचलत नाही आणि मला पण तो उचलावा असं वाटत नाही, कारण मी पण पालखीपुढेच असतो.

मुलीचं सोपं आहे. चौथीत आहे म्हणजे आत्ताच आणा, आठवीत आणलीत तर ती तुम्हाला माफ करणार नाही. शाळा चांगल्या आहेत, कोकण बोर्ड २०१२ ला वेगळं झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात वरच असतं, मुलं सायकलने शाळेत जातात, पोहायला, नाटकात, सगळीकडे पाच-दहा मिनिटांत. बारावीपर्यंत बिनघोर. पुढे गोगटे-जोगळेकर कॉलेज आहे, इंजिनिअरिंग आहे, फिशरीज कॉलेज आहे, पण खरं सांगू, मुलं थांबत नाहीत. माझी दोन्ही गेली. अठराव्या वर्षी पुण्याच्या हॉस्टेलचा खर्च आणि घरातली शांतता, दोन्ही आजच धरून चाला.

प्रवासाचं तुम्हाला माहीतच आहे. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तेव्हापासून रत्नागिरी हे मुंबईचं शेवटचं उपनगर असल्यासारखं लोक बोलतात, वंदे भारत पण २०२३ पासून थांबते, ठाण्याला चढलात की दुपारच्या जेवणाला इथे. पण पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, वंदे भारतचे दिवस कमी होतात, तेव्हा महिन्यातल्या त्या दोन ऑफिसच्या वाऱ्या जुलैत तुम्हाला आदल्या दिवशी निघून कराव्या लागतील. बदल्यात गणपतीच्या तिकिटासाठी पहाटे उठून मोबाइलशी झगडणं संपलं. आता ते तुमचे दीर-नणंदा करतील आणि उतरतील तुमच्याकडे, मेमध्ये तर घराची धर्मशाळा होते, त्यासाठी एक खोली जास्त बघा, हे मी गमतीत म्हणत नाहीये.

माणसांविषयी दोनच शब्द. इथे पहिला प्रश्न "काय करता" नसतो, "गाव कुठलं, वाडी कुठली, कुणापैकी" असा असतो, आणि तुमचं संगमेश्वरचं नाव निघालं की समोरचा दोन मिनिटांत तुमच्या मामेसासऱ्यांपर्यंत पोचतो. नवऱ्याला हे आवडतं. बायकांना नेहमीच आवडतं असं नाही, कारण तुम्ही काल कुणाबरोबर कुठे चहा प्यायलात हे पण तसंच पोचतं. एक जोडपं इथून गेलं ते यामुळेच, त्यातली बायको हुशार, म्हणायची काका मला इथे कुणी अनोळखीच भेटत नाही हो. मला ते वाक्य तेव्हा कळलं नव्हतं, आता थोडं कळतं.

गावच्या जागेत घर बांधायचं म्हणालात तर आधी सातबारा काढून नावं मोजा. सामाईकात वीस-पंचवीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, दोन वारलेले आणि वारस लागलेले नाहीत, इतर हक्कात कुळाचं नाव, हे इथलं रोजचं आहे. प्रत्येकाची संमती मिळवेपर्यंत तुमच्या मुलीची बारावी होईल. आणि समुद्रालगतचा स्वस्त प्लॉट कुणी दाखवला तर सीआरझेडचा, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेल्या किनारपट्टीचा, नकाशा बघितल्याशिवाय चहा पण घेऊ नका त्याचा.

तुम्ही माझ्या घरातल्या असतात तर मी काय सांगितलं असतं? रत्नागिरी, चिपळूण नको. शहराच्या हद्दीत, सिव्हिल हॉस्पिटलपासून दहा मिनिटांत, समुद्रापासून मागे सरकून, मधल्या मजल्यावर, भाड्याने. अकरा महिने. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, कारण इथून तिकडे परत घ्यायला गेलात तर कधीच परवडणार नाही, आणि तुमचं स्वतःचं "दुसरं काय" ते तोच फ्लॅट आहे. मिस्टरांनी पहिले सहा महिने नोकरी सोडायची नाही, येऊन-जाऊन करायचं. सासूबाईंच्या डॉक्टरनी नको म्हटलं तर मग हे सगळं बासनात, त्यावर वाद नको.

आणि घर बघायला डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात आमच्याकडे सगळंच छान असतं, हवा, आमराई, माणसांचे मूड. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात या, सासूबाईंना घेऊन, चार दिवस राहा, रोज भाजी आणा, एकदा रात्री औषध आणायला बाहेर पडा. फ्लॅट बघताना बेडरूमची पश्चिमेची भिंत शोधा, तिथे नेमकं कपाट लावलेलं असतं. ते हलवून मागे हात लावून बघायचा, पोपडे आणि ओल लगेच कळते. घरमालक म्हणाला कपाट जड आहे, राहू दे, तर हसून बरं म्हणा आणि पुढचा फ्लॅट बघायला निघा.